लाभार्थी क्रमांक एक

अभ्यासक्रम लिहायला मला मनापासून आवडतं. तो कुणी शिकलाच पाहिजे असा माझा आग्रह मात्र कधीच नव्हता. पॉलिटेक्निकात उमेदीची सगळी वर्षं घालवलेल्या माणसाला एवढी अलिप्तता जमते. उद्दिष्टे, घटक, उपघटक, तासिका, मूल्यमापन असे रकाने आखून द्या, मी कशाचाही अभ्यासक्रम लिहून देतो. त्या विषयातलं मला काही कळलंच पाहिजे असं नाही. उलट थोडंफार कळत असलं की हात अडखळतो.

निवृत्त झाल्यावर एका संस्थेने बोलावलं. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांसाठी त्यांना ‘शिकणाऱ्यांच्या गरजेवर आधारित अल्पमुदतीचे व्यवसाय अभ्यासक्रम’ हवे होते. मी म्हटलं, म्हणजे नेहमीचेच, फक्त मुखपृष्ठ वेगळं ना? समोरचे हसले. मी विनोद केला नव्हता.

तयारी मात्र जय्यत केली. वाचलं की १९६७ साली मुंबईत देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, ते याच विचारातून: आधी कामगाराला काय अडतंय ते बघा, मग शिकवायचं काय ते ठरवा. पुढे त्याच्याच जन शिक्षण संस्था झाल्या. निरक्षर, नवसाक्षर, शाळा सोडलेली मुलं-बाया हे त्यांचे विद्यार्थी, आणि २०१८ पासून त्यांचा कारभार कौशल्य विकास मंत्रालयाकडे आला. डॉ. श्रीनाथ कालबागांबद्दलही वाचलं. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून हा माणूस पुणे जिल्ह्यातल्या पाबळसारख्या कोरड्या गावात गेला, १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांना हातात कामं देऊन शिकवलं. हे सगळं मी अधोरेखित केलं आणि प्रस्तावनेत घातलं. प्रस्तावनेत घातलेली गोष्ट पुढे पाळावी लागत नाही, हा आमच्या धंद्यातला जुना संकेत आहे.

मग स्लाइड केल्या. पहिल्या स्लाइडवर स्थानिक थोर पुरुष हवाच. पेणसाठी विनोबा घेतले, कारण त्यांचं जन्मगाव गागोदे पेण तालुक्यातलं. रोह्यासाठी चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि रोहेकरांचा हक्काचा अभिमान. दुसऱ्या स्लाइडपासून पुढे दोन्हीकडे सगळं तेच. कामाचं आणि शिक्षणाचं नातं सांगण्यात विनोबांनी आयुष्य घालवलं आणि त्यांचा फोटो मी ‘अध्ययन निष्पत्ती’ या शब्दांच्या डोक्यावर बसवला. मौन कधी धरावं याचा अंदाज त्यांना होता, मला तो अजून आलेला नाही.

गरज ओळखण्यासाठी चार पानी फॉर्म तयार केला. पहिल्या पानावर नाव, वय, शिक्षण, घर कच्चं की पक्कं, शौचालय आहे की नाही. मुख्य प्रश्न तिसऱ्या पानावर: ‘आपणांस कोणते कौशल्य आत्मसात करावयास आवडेल?’ हमरापूरच्या एका पडवीत मी तो मोठ्याने वाचला. समोर दहा-बारा बायका. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “काय करायला सांगतो गं हा?” शेजारीण म्हणाली, “शिवण बोल.”

म्हातारी म्हणाली, “शिवण.”

मग सगळ्याच म्हणाल्या, शिवण. जोह्यात शिवण. कळव्यात शिवण. पेण शहरात एक मुलगी ‘ब्यूटी पार्लर’ म्हणाली, तेव्हा मला जरा वाईटच वाटलं, कारण माझ्या गोल आलेखात नाहक एक बारीक फाक पडली. पण एवढा निखळ निष्कर्ष मला अख्ख्या नोकरीत मिळाला नव्हता. मी संस्थेला कळवलं: गरज निश्चित झाली आहे, मशिनी मागवा.

मशिनी येण्याआधी त्यातल्याच एका ताईंच्या घरी चहाला जायचा योग आला. ओटीवर एक शिलाई मशीन होती. तिच्या फळीवर नऊ इंची गणपती ओळीने सुकायला ठेवलेले. खाली पायट्यावरही दोन. मी विचारलं, “ताई, मशीन आहे की तुमच्याकडे. मग पुन्हा शिवण कशाला?” ताई आत गेल्या आणि प्लॅस्टिकची एक फाइल घेऊन आल्या. तीत तीन सर्टिफिकेटं होती, तीन वेगवेगळ्या योजनांची, तिन्ही शिवणाची. फोटो तिन्हींवर एकच.

“मग ‘शिवण’ का सांगितलंत?”

“आधीच्या बाई आल्या, त्यांच्याकडं शिवण होतं. म्हटलं, तुमच्याकडं पण तेच असंल. जे नाय ते मागून उगाच तुमाला लाज कशाला आणायची?”

माझ्या सर्वेक्षणात कुणी खोटं बोललं नव्हतं. सगळ्यांनी पाहुण्याचा मान ठेवला होता.

निघताना ताई सहज म्हणाल्या, “शिकवायचंच झालं तर रेटचं कायतरी बघा.” अलीकडे गणपतीला खऱ्या कापडाचं धोतर आणि फेटा नेसवायची हौस वाढली आहे. मूर्ती रंगून आली की बायका घरी बसून धोतराच्या चुण्या घालतात, गोंदाने बसवतात, किनारीला लेस लावतात. खडे चिकटवायचं कामही त्यांचंच. पैसे नगावर. कापड कारखान्याचं, लेस आणि गोंद आपला. “किती सुटतात ते कळतच नाय,” त्या म्हणाल्या. मी मान डोलावली आणि फॉर्मच्या ‘इतर’ या रकान्यात लिहिलं: रेट.

त्या रकान्याला मी एकच ओळ ठेवली होती.

शिवण बारगळलं, तेव्हा मी म्हटलं, पेणच्या मातीतलंच काहीतरी घेऊ. ‘मूर्तिकला: मूलभूत कौशल्ये’ असा झकास अभ्यासक्रम लिहिला. मंजुरी, निधी, बॅनर, सगळं वेळेवर झालं आणि उद्‌घाटनाची तारीख पडली ती जुलैत. जुलैत पेणला मूर्तिकलेचा वर्ग भरवणं म्हणजे विठ्ठलाच्या देवळात आषाढीला दर्शनाच्या रांगेचं नियोजन यावर परिसंवाद ठेवणं. परदेशी जाणारे गणपती बोटीने आधीच निघून गेलेले असतात, पण मुंबई-पुण्याचा सगळा माल याच दिवसांत उठतो. माणूस हाताला मिळत नाही. रात्री बाराला दिवे चालू, शेडबाहेर टेम्पो उभे, पोरं कॉलेज बुडवून रंगकामाला. सकाळी दहाला हॉलमध्ये मी, विनोबा आणि बॅनर. आमचे प्रशिक्षकही आले नाहीत. त्यांना स्वतःच्याच कारखान्यातून सवड नव्हती.

दुपारपर्यंत वाट पाहून मी त्यांनाच शोधत गेलो. शेडमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती, हजारभर सोंडा एका दिशेला वळलेल्या. कारखानदार म्हणाले, “या सर. बसा.” बसायला जे दिलं ते एक उलटं डबडं होतं, आणि बसल्या बसल्या हातात काथ्या दिला. साच्यात पीओपी ओततात तेव्हा मजबुतीसाठी आत काथ्या घालतात, तो मोकळा करून द्यायचा. मी तो मोकळा करता करता त्यांना पर्यावरणपूरक मूर्तींचा घटक समजावू लागलो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं मला पाठ होती. त्यांनी ऐकून घेतलं.

“शाडू आमाला आवडत नाय असं नाय सर. आमच्या आजाने शाडूच केलाय. पण तो जड, फुटतो लवकर, आणि सुकायला ऊन लागतं. ऑर्डर येते पावसात. पावसात ऊन कसं आणायचं ते आहे काय तुमच्या अभ्यासक्रमात?”

नव्हतं. मूल्यमापन मात्र वीस गुणांचं होतं.

शेजारी काम करणाऱ्या एका दादांनी रंगाचा हात पुसत विचारलं, “ते विश्वकर्मावाले ट्रेनिंगचे दिवसाला पाचशे देतात. तुमी किती देता?” पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत मूर्तिकारही आहेत, प्रशिक्षणाच्या दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन मिळतं, हे मला ठाऊक होतं. आम्ही चहा आणि वडापाव देत होतो. मी काथ्याकडे लक्ष दिलं.

मग आखणी पाहिली. आखणी म्हणजे डोळे. सगळ्या कारखान्यात हे काम एक-दोन माणसांचंच असतं आणि त्यांना सगळे जपून असतात. तो माणूस मांडी घालून बसला होता. मूर्ती स्वतःकडे वळवून घ्यायची, बारीक ब्रश टेकवायचा, वरच्या पापणीची रेघ एका दमात. मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका, आणि तो ठिपका पडला की इतका वेळ वस्तू असलेली गोष्ट आपल्याकडे बघायला लागते. पुढची मूर्ती. मध्ये बोलणं नाही. मी न राहवून विचारलं, हे किती तासांत शिकता येईल? माझ्या तक्त्यात ‘नेत्ररेखन’ला सहा तास होते.

“बघा करून,” असं म्हणून त्यांनी एक खंडित मुखवटा माझ्यापुढे ठेवला. मी चष्मा पुसला, ब्रश उचलला, आणि पहिली रेघ पापणीवरून निघून कानाकडे चालती झाली. दुसरा डोळा जास्त काळजीपूर्वक काढला. एक डोळा पेणकडे बघत होता, दुसरा रोह्याकडे.

सगळं शेड थांबून बघत होतं. आखणीवाल्यांनी मुखवटा हातात घेतला, उजेडात धरला.

“रंग पुसता येतो,” ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मला समजावलं. श्वास धरायचा, कारण सोडताना हात हलतो. घरी मूर्ती पाटावर असते आणि माणूस समोर आरती करतो, म्हणून नजर त्याच्यावर पडली पाहिजे, छताकडे नाही. चूक झाली तर लगेच पुसायला जायचं नाही, वाळू द्यायची. मी वहीत लिहून घेत होतो. आमच्या वर्गाच्या पहिल्या दिवसाच्या हजेरीत लाभार्थी क्रमांक एक म्हणून कुणाचं नाव लावायचं हा प्रश्न संध्याकाळी पडला, तेव्हा प्रामाणिक उत्तर एकच होतं.

हजेरीचंही एक झालंच. गणपती गेल्यावर, गर्दी ओसरल्यावर, पुन्हा वर्ग भरवला. बायका आल्या, चांगल्या उत्साहाने आल्या, पण हजेरी होती अंगठ्याच्या यंत्रावर. वर्षानुवर्षं पीओपी आणि गोंदात गेलेले अंगठे. यंत्र लाल दिवा लावून प्रत्येकीला नाकारत होतं. ज्यांचे हात काम करकरून झिजले त्यांना यंत्र ओळखेना, आणि मी अंगठा ठेवला की टुंग करून हिरवा दिवा. आयुष्यभर खडूखेरीज काही न उचलल्याचा हा पुरावा माझ्या खिशात नेहमीच असतो, पण त्याची इतकी जाहीर घोषणा प्रथमच झाली.

कातकरी वाडीवरचा प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण त्यात हसण्यासारखा मी एकटाच आहे. तिथे ‘शेळीपालन व्यवस्थापन’ घेऊन मी दिवाळीनंतर गेलो. घरांना कुलपं, ओट्यांवर कोंबड्या, दोन म्हातारी माणसं. बाकी वाडी उचल घेऊन वीटभट्ट्यांवर गेलेली, पाऊस पडेतोवर यायची नाही. हे त्या तालुक्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. माझ्या चार पानांत ‘आपण वर्षातले किती महिने घरी असता?’ हा प्रश्न नव्हता. शौचालयाचा होता.

रोह्याला मी शहाणा होऊन गेलो, असं मला वाटत होतं. इथे माती नाही, इथे कारखाने. धाटावची औद्योगिक वसाहत, रसायनांच्या कंपन्या, ठेकेदारीवर लागलेली तरुण पोरं. त्यांना काय हवं? इंग्रजी. हे मी विचारायच्या आधीच ठरवलं होतं आणि विचारल्यावर त्यांनीही ‘इंग्लिश’ असंच सांगितलं. ‘संभाषणात्मक इंग्रजी’ सुरू केलं, सकाळी दहा ते एक. पहिल्या पाळीची पोरं त्या वेळी कंपनीत, रात्रपाळीची झोपलेली, दुसऱ्या पाळीची डबा होण्याची वाट बघत. तरी सात-आठ जण डोळे चोळत यायचे. मी त्यांना ‘मे आय कम इन, सर?’ शिकवलं. दारातून आत येण्याचा सराव करून घेतला. वर्गाला एकच दार होतं, त्यामुळे दर वेळी सगळ्यांना आधी बाहेर जावं लागे.

जानेवारीत त्यातल्या एकाने पोपटीला बोलावलं. रायगडात राहून पोपटी न खाल्लेला माणूस मी, हेही त्यांनी दयाबुद्धीने घेतलं. शेतात मडकं आणलेलं, तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. मग थांबायचं. आणि या थांबण्यात माणसं बोलतात, ते पडवीत फॉर्म बघून बोलत नाहीत.

एकाने मोबाइलवर एक फोटो दाखवला. ड्रमवरचं लेबल, लाल चौकटीत माणसाची छाती आणि तीत पांढरी चांदणी फुटलेली. “सर, हे काय असतं?”

मी म्हटलं, “हृदयविकाराचा काहीतरी इशारा असावा.”

दुसरा पोरगा, जो वर्गात कधी तोंड उघडायचा नाही, म्हणाला, “नाय सर. त्याचा अर्थ हा माल आत साठतो. आज काय होत नाय, पण वर्षांनी कॅन्सर, फुप्फुसं, असं.” मग त्याने मला बाकीची सांगितली: कवटी, ज्वाळा, वर्तुळावरची ज्वाळा, हातावर सांडलेलं ॲसिड, मेलेला मासा आणि झाड. संयुक्त राष्ट्रांनी जगभरासाठी ठरवलेली ही नऊ चिन्हं. याला एका जुन्या ऑपरेटरने शिकवलेली. बाकीच्यांना कुणीच नाही. रोज ते ‘हॉट वर्क परमिट’ नावाच्या कागदावर सही करत होते. टाकीत उतरण्याआधी ‘कन्फाइंड स्पेस’च्या कागदावरही. कागद इंग्रजीत, खाली सही इंग्रजीत, त्यामुळे सगळं वाचून समजून केलं असं धरलं जायचं.

“मग तुम्हाला इंग्रजी हवं म्हणालात ते हे?”

“हेच ना सर. वीस-पंचवीस शब्द असतील. पण तुमी दारातून आत यायचं शिकवत होता, मग म्हटलं, सर पुढं कवातरी येतील त्याच्यावर.”

मडकं फोडलं. शेंगा अप्रतिम होत्या. मी खाली मान घालून खाल्ल्या.

घरी येऊन पहिल्यांदाच सगळ्या फॉर्मांतला ‘इतर’ रकाना एकत्र काढला. दोन्ही तालुक्यांचा अभ्यासक्रम त्या एकेका ओळीत पडला होता. रेट. लेबल वाचणं. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेचा अर्ज कसा भरतात. संध्याकाळी पाचनंतर वर्ग नको, गाडी चुकते. पापडाच्या पाकिटावर काय छापावं लागतं. मी ते टाइप करून संस्थेला दिलं. तिथले साहेब भले आहेत. ते म्हणाले, सर, छान आहे, पण यातला एकही विषय दोन-तीन तासांच्या वर जात नाही. आम्हाला ठरावीक तासांखाली बॅच दाखवता येत नाही. मी तज्ज्ञ असल्यामुळे लगेच उपाय काढला. रेट काढणं: दोन तास. उरलेल्या तासांत व्यक्तिमत्त्व विकास, वेळेचं व्यवस्थापन, ताणतणाव निवारण, योगाभ्यास. वेळेचं व्यवस्थापन शिकवायला बायांचे किती दिवस लागतील ते मोजलं आणि मीच तो कागद फाडला. हे सद्‌गुणाने केलं नाही. त्या ताई तो कागद वाचतील, ही भीती होती.

शेवटी फेब्रुवारीतल्या एका दुपारी, बॅनर नाही, अंगठा नाही, त्यांच्याच ओटीवर बसलो. मी आकडे लिहायला आणि त्या सांगायला. फूटभर मूर्तीचं धोतर बारा रुपये. तासाला पाच होतात. साठ. लेस-गोंद नगाला तीन, म्हणजे पंधरा गेले. राहिले पंचेचाळीस. अडीच फुटीचं धोतर चाळीस रुपये. त्याला तास पुरा लागतो, आणि लेस-गोंद दहाचा. राहिले तीस.

ओटीवर शांतता पसरली. आजवर सगळ्याजणी मोठ्या मूर्तींसाठी भांडत होत्या. मोठं काम मिळालेलीचा बाकीच्या वर्षभर हेवा करत होत्या. एक काकी तावातावाने म्हणाली, “पुन्हा करा हिशेब.” पुन्हा केला. तरी तीसच. मग त्यांनी मला बाजूला सारलं आणि वही ओढून घेतली. खड्यांचं काम, फेटा, शेला, सगळं त्याच पद्धतीने मांडलं. चुकतमाकत, एकमेकींवर ओरडत. माझ्या वर्गात एवढा गोंगाट कधी झाला नव्हता. मी चहाचे कप गोळा करून आत नेऊन ठेवले, कारण तेवढंच काम उरलं होतं.

चैत्रात कारखानदारांचा फोन. “सर, बायांना काय शिकवलंत तुमी?”

“गुणाकार आणि वजाबाकी. चौथीचं.”

“मोठं धोतर कोण घेईना. सगळ्या एकदम आल्या, वही घेऊन. साठ म्हणतात. शेवटी पंचावन्नावर तुटलं.” मी दिलगिरी व्यक्त करायच्या बेतात होतो, तर ते म्हणाले, “ते सोडा. मला पण तसलं शिकवा. एका मूर्तीमागं मला नक्की किती सुटतं, ते मी कवा काढलेलंच नाय. पीओपी, रंग, मजुरी, टेम्पो, फुटतूट, सगळं धरून. आम्ही चार-पाच कारखानदार आहोत. तुमची फी सांगा.”

शिकणारा स्वतःहून आला होता, गरज स्वतःच्या तोंडाने सांगत होता. मी भारावून एक गोल आकडा सांगितला.

पलीकडे क्षणभर कागद चाळल्याचा आवाज. “हा रेट कसा काढलात सर? वेळ, जाणं-येणं, काय काय धरलंय त्याच्यात?”

मी म्हटलं, उद्या सांगतो. फोन ठेवला आणि हमरापूरच्या ताईंना लावला.

“तयारीला किती तास लागतात, ते लिवून ठेवलंय काय?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग आधी ते लिवा आन्‌ मंग फोन करा. आता हाताला गोंद हाय.”